परदेशी शिकताना करमत नाही तेव्हा

उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये घराचा पत्ता आजही बॅरेकच्या नंबराने सुरू होतो. बॅरेक नंबर, रूम नंबर, मग सेक्शन आणि शेवटी लालचक्की, व्हीनस चौक, सुभाष टेकडी अशी एखादी खूण. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती, तिचे हे नंबर. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना या छावणीत वसवले गेले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. त्या पिढीला परतीची वाट उरली नव्हती.

आज त्याच गल्ल्यांतून, मराठी घरांतून तशीच सिंधी घरांतूनही, मुले आपणहून दूर जातात. कुणी जर्मनीला, कुणी कॅनडाला, कुणी मेलबर्नला. परदेशात शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या २०२४ मध्ये १३ लाखांच्या वर होती. एकट्या अमेरिकेत २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. या मुलांना परत येता येते, घरच्यांचा चेहरा रोज मोबाइलवर दिसतो. तरी त्यांतल्या पुष्कळांना पहिले काही आठवडे करमत नाही. झोप लागत नाही, जेवण गोड लागत नाही, पुस्तक उघडले की मन विठ्ठलवाडीच्या फलाटावर जाऊन उभे राहते. आणि हे बोलायचे कुणाशी? ज्यांनी कर्ज काढून पाठवले त्यांच्याशी बोलायला जीभ रेटत नाही.

घराच्या ओढीने माणूस आजारी पडतो, हे वैद्यकाला ठाऊक होऊन सव्वातीनशेहून अधिक वर्षे झाली. १६८८ मध्ये बाझल विद्यापीठात योहानेस होफर या तरुण डॉक्टरने आपला प्रबंध याच विषयावर लिहिला. परमुलखात राहणाऱ्या स्विस तरुणांची भूक मरते, ताप येतो, आणि घरी परतण्याचे नक्की झाले की ते सुधारू लागतात, असे त्याने नोंदवले. आज या ओढीला आजार मानत नाहीत. जवळची माणसे, ओळखीची जागा आणि रोजचा परिपाठ एकदम तुटला की मनाची अशी ओढाताण होणारच, असे मानसशास्त्र सांगते. ज्याचे घरावर प्रेम आहे त्याला ती अधिक जाणवते. तेव्हा 'एवढा मोठा झाला आणि रडतो काय' हे वाक्य घरात कुणी उच्चारू नये.

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर या पट्ट्यातल्या मुलांची एक खास अडचण आहे, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. विदर्भ-मराठवाड्यातला मुलगा अकरावीला किंवा इंजिनिअरिंगला पुण्याला येतो, हॉस्टेलची मेस, कपडे धुणे, आजारपणात एकटे पडून राहणे हे सगळे भोगून मग परदेशी जातो. इकडच्या मुलाला लोकल आहे. कॉलेज उल्हासनगरात असो, ठाण्यात असो की माटुंग्यात, संध्याकाळी तो घरीच जेवतो. नोकरी लागली तरी घरूनच. बावीस-तेवीस वर्षांत एक आठवडासुद्धा घराबाहेर एकटा न राहिलेला हा मुलगा पहिल्यांदा घर सोडतो तेच थेट हजारो किलोमीटरसाठी. ख्रिस्तोफर थर्बर आणि एडवर्ड वॉल्टन या अमेरिकी अभ्यासकांनी घराच्या ओढीचा त्रास कुणाला जास्त होतो याचा धांडोळा घेतला. पूर्वी घराबाहेर राहण्याचा सराव नसणे हे त्यातले एक ठळक कारण. दुसरे, जाण्याचा निर्णय आपला नसणे. तिसरे, 'मला तिथे करमणारच नाही' अशी आधीपासूनच मनाची समजूत करून घेणे. पहिल्या कारणावर उपाय व्हिसाच्या रांगेत असतानाच करता येतो. दोन-तीन महिने पुण्यात किंवा नाशिकला एखाद्या खोलीवर राहून स्वतःचा स्वयंपाक, स्वतःचे धुणे आणि स्वतःचा खर्च सांभाळावा. कोचिंगच्या फीइतकीच ही तयारी मोलाची आहे.

विठ्ठलवाडीच्या अलीकडचे स्टेशन कल्याण. परदेशी शिकायला गेलेल्या मराठी माणसांच्या इतिहासात या कल्याणचे स्थान मोठे, कारण आनंदीबाई जोशी यांचा जन्म इथला, ३१ मार्च १८६५ चा. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. बरोबर घरचे कुणी नाही, पती गोपाळराव हिंदुस्थानातच राहिलेले. समुद्र ओलांडला म्हणून समाजाचा रोष मागे, आणि पुढे फिलाडेल्फियाचे वुमन्स मेडिकल कॉलेज, जिथे मराठी बोलणारे दुसरे कुणी नव्हते. पत्र पोचायला महिना आणि त्याहून अधिक काळ लागायचा. म्हणजे आज मन भरून आले म्हणून लिहिले, तर धीराचा शब्द परत यायला दोन महिने जाणार.

अशा स्थितीत त्यांनी तीन वर्षे काढली आणि ११ मार्च १८८६ रोजी पदवी घेतली. हे कसे साधले, त्याचे उत्तर न्यू जर्सीतल्या रोझेल या गावी आहे. तिथल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी एका मिशनरी नियतकालिकात छापलेला गोपाळरावांचा पत्रव्यवहार वाचला होता आणि १८८० मध्ये आपणहून आनंदीबाईंना पत्र घातले. पुढची तीन वर्षे पत्रे चालू राहिली. बोट धक्क्याला लागली तेव्हा आनंदीबाईंना उतरवून घ्यायला मिसेस कार्पेंटर हजर होत्या, आणि आनंदीबाईंच्या तोंडी त्यांच्यासाठी शब्द होता 'मावशी'. कॉलेज सुरू होण्याआधीचा उन्हाळा या मावशीच्या घरी, तिच्या मुलांच्या सहवासात गेला. परक्या मुलखात पाऊल पडायच्या आधीच एक घर ओळखीचे झाले होते. आजच्या मुलाने सप्टेंबरच्या सेमिस्टरसाठी निघताना हा धडा घ्यावा. विद्यापीठातला एखादा जुना विद्यार्थी, भावी रूममेट, वर्गातला एखादा स्थानिक मुलगा, यांच्याशी मे-जूनपासून बोलणे सुरू ठेवले की विमानतळावर उतरताना सगळेच परके उरत नाही.

दुसरा आधार कॉलेजातला. १० ऑक्टोबर १८८५ चे एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. त्यात नऊवारीचा पदर घेतलेल्या आनंदीबाई, किमोनो घातलेल्या जपानच्या केइ ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली शेजारी शेजारी आहेत. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात, तिघी घरापासून दूर. परदेशी विद्यापीठात भारतीय मुलाची पहिली जिवाभावाची मैत्री पुष्कळदा इराणी, व्हिएतनामी किंवा नायजेरियन मुलाशी जुळते. स्थानिक मुलांचे आपले मित्र, आपले घर तिथेच असते. परक्याची अडचण परक्याला लवकर कळते.

पण आनंदीबाईंच्या कहाणीची दुसरी बाजूही सांगायला हवी. धर्म आणि आहार सोडणार नाही हा शब्द त्यांनी जीव लावून पाळला. फिलाडेल्फियाच्या थंडीत, धुराने भरणाऱ्या शेकोटीच्या खोलीत, अपुऱ्या शाकाहारी जेवणावर त्यांनी अभ्यास केला आणि प्रकृती ढासळली. घरून येणारी पत्रेही नेहमी ऊब देणारी नव्हती. गोपाळरावांच्या काही पत्रांत कठोर शब्द आणि संशय होता, आणि त्याने त्यांना दुःख झाल्याचे त्यांच्या उत्तरांवरून दिसते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा मृत्यू झाला तेव्हा बाविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. त्यांच्या धैर्यापुढे नतमस्तक व्हावेच, पण सोसत राहणे हा काही उपाय नव्हे, हेही त्यांच्यामुळेच कळते. अंगावर पुरेसे गरम कपडे, ताटात पुरेसे अन्न आणि घरून येणारा मायेचा शब्द, या तिन्ही गोष्टी अभ्यासाइतक्याच आवश्यक आहेत.

ओढ किती दिवस टिकते, हा प्रत्येक आईचा प्रश्न. १९५५ मध्ये नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या दोनशे नॉर्वेजियन अभ्यासकांशी बोलून एक आलेख मांडला. सुरुवातीला उत्साह, सहा ते अठरा महिन्यांच्या मधल्या काळात उतरती कळा, मग पुन्हा सावरणे. हा आलेख पुढे पाठ्यपुस्तकांत गेला आणि अजूनही परदेशी विद्यापीठांच्या स्वागत कार्यक्रमांत दाखवला जातो. मात्र १९९८ मध्ये कॉलिन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांची नोंद पहिल्या चोवीस तासांपासून वर्षभर ठेवली, तेव्हा चित्र वेगळे निघाले. सर्वाधिक त्रास अगदी सुरुवातीलाच होता आणि पुढे तो कमी झाला. इकडच्या मुलांना हा दुसरा निष्कर्ष अधिक उपयोगी आहे. पहिला आठवडा वाईट गेला म्हणून पुढची दोन वर्षे तशीच जाणार, असे मुळीच नाही.

या ओढीच्या दिवसातल्या वेळाही ठरलेल्या असतात. हात आणि डोके कामात असले की ओढ दबून राहते. पहाटे जाग आल्यावर आणि रात्री दिवा मालवल्यावर ती उसळते. म्हणून रविवार सर्वांत जड जातो. युरोपातल्या बऱ्याच शहरांत रविवारी दुकाने बंद, रस्ता सुनसान. कॅम्प ४ मधल्या मुलाला ही शांतता सोसवत नाही. त्याने जन्मापासून लोकलचा भोंगा, शेजारच्या खोलीतले शिलाई मशीन, खालच्या गल्लीतला भाजीवाला आणि गणपतीतले ढोल ऐकत झोप घेतली आहे. रविवारी सकाळचे एखादे काम आधीच ठरवून ठेवणे, मग ते क्रिकेट असो, ग्रंथालय असो की कुणाबरोबर केलेला स्वयंपाक, हा साधा उपाय चांगला लागू पडतो.

आता फोनविषयी. नेदरलँड्सच्या मार्गारेट श्ट्रोबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये या विषयावरचे संशोधन एकत्र तपासले. घरापासून तुटल्याचे दुःख आणि नव्या जागी रुजण्याचा ताण ही दोन वेगळी ओझी आहेत आणि मनाला आलटून पालटून दोन्हींकडे बघावे लागते, अशी त्यांची मांडणी. घराला विसरायचा प्रयत्न केला तर पहिले दुःख साचते. दिवसभर घरच्या ग्रुपवरच राहिले तर दुसरे काम सुरूच होत नाही. तेव्हा फोन हवाच, पण वेळ बांधून. कॅम्प ४ मध्ये रात्री साडेनऊला ताटे वाढली जातात तेव्हा हिवाळ्यात जर्मनीत संध्याकाळचे पाच वाजलेले असतात आणि न्यूयॉर्कमध्ये सकाळचे अकरा. मेलबर्नमध्ये मात्र पहाटेचे तीन. वर्षातून दोनदा तिकडची घड्याळे तासभर सरकतात, तेव्हा हे गणितही बदलते. आठवड्यातून दोन-तीन ठरलेले, निवांत फोन हे दिवसातून दहा वेळा 'जेवलास का' विचारण्यापेक्षा कितीतरी चांगले.

घरच्यांची खरी कसोटी या फोनवरच असते. आई स्क्रीनवर चेहरा बघते, 'बारीक झालास' म्हणते आणि तिचे डोळे भरतात. मुलगा म्हणतो, 'नाही गं, मजेत आहे.' बाबा मागून विचारतात, 'पार्टटाइम मिळाला का?' फोन ठेवला की दोन्हीकडे शांतता. रूम तारण ठेवून किंवा मामाला जामीन ठेवून काढलेल्या कर्जाचा विषय कुणी काढत नाही, पण तो त्या फोनमध्ये हजर असतोच. 'मी दुःखी आहे' म्हणणे म्हणजे घरच्यांच्या त्यागाचा अपमान, असे मुलाला वाटू लागते. हे ओझे उतरवणे फक्त आईवडिलांच्या हाती आहे. जाण्याआधी कर्जाचा आकडा, हप्ता कधी सुरू होणार, नोकरी लांबली तर काय करायचे, हे सगळे मुलासमोर कागदावर मांडावे. आणि एकदा तरी स्पष्ट म्हणावे, 'सुरुवातीला जड जाईल, आम्हाला माहीत आहे. सांगत जा.'

याच्या उलट टोकाची एक चूक मायेपोटी होते. 'नाही करमले तर लगेच तिकीट काढून परत ये,' असे विमानतळावरच सांगितले जाते. लहान मुलांच्या निवासी शिबिरांचा अभ्यास करताना थर्बर आणि वॉल्टन यांनी पालकांना नेमक्या याच आश्वासनापासून दूर राहायला सांगितले. कारण त्यातून मुलाला कळते की आपल्याला जमणार नाही असे घरच्यांनाच वाटते आहे. तेवीस वर्षांच्या मुलालाही ते तसेच कळते. प्रकृती बिघडली, जिवाला धोका वाटला, तर अर्थातच परत यावे आणि त्यात कसलीही नामुष्की नाही. पण पहिल्या पंधरवड्यातल्या रडण्यावर 'परत ये' हे उत्तर नको. 'आज वर्गात कुणाशी बोललास? तिथला भाजीबाजार कसा आहे?' असे विचारले की मुलगा तिकडच्या जगाकडे बघू लागतो.

जेवणाची गोष्ट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही सुटली नव्हती. सयाजीराव गायकवाडांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले. हार्टली हॉल या वसतिगृहातले जेवण रुचले नाही, म्हणून काही दिवसांत त्यांनी ते सोडले. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना हा पारशी तरुण त्यांचा सोबती झाला. ही मैत्री आयुष्यभर टिकली आणि अडचणीच्या काळात भथेनांनी पैशाची मदतही केली. १९२० नंतर लंडनमध्ये घरमालकिणीकडचे तुटपुंजे खाणे आणि रात्री उशिरापर्यंतचा अभ्यास, अशात मध्यरात्री भूक लागली की ते पापड भाजून त्यावर वेळ निभावत. किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने घेतले. सुभाष टेकडीसारख्या वस्तीत ज्यांची जयंती घरच्या सणासारखी साजरी होते, त्यांच्या वाटेने जाणाऱ्या मुलांसाठी शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकांतल्या ७५ विद्यार्थ्यांची दर वर्षी तीत निवड होते. घरातला पहिलाच पदवीधर जेव्हा थेट परदेशी विद्यापीठात पोचतो, तेव्हा त्याला सल्ला देऊ शकेल असा कुणी काका-मामा घरात नसतो. बाबासाहेबांनी मोकळेपणाने मित्र जोडले आणि त्यांची मदत घेतली, हे त्याने जरूर ध्यानात ठेवावे.

पापडाच्या वासाने घर आठवते त्याला कारण आहे. वासाचा संदेश मेंदूत भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार थेट पोचतो. दृष्टी आणि श्रवण यांचा मार्ग त्याहून लांबचा. म्हणून बॅगेत मेतकूट, भाजणी, कोकम, गोडा मसाला आणि आपल्या बाजारातला सिंधी पापड जरूर असावा. तूप, पेढे, खव्याची मिठाई मात्र ठेवू नये. युरोपीय संघ आणि ब्रिटनमध्ये भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. ऑस्ट्रेलियात तर सोबतचे सगळेच खाद्यपदार्थ फॉर्मवर जाहीर करावे लागतात, नाहीतर मोठा दंड होतो. तिथे पोचल्यावर पहिली फोडणी देताना खोलीतला धुराचा अलार्म कुठे आहे ते आधी बघावे. मोहरी तडतडून धूर झाला की पूर्ण इमारत खाली उतरते आणि नव्या मुलाला मेल्याहून मेल्यासारखे होते. मंद आच, वर झाकण, खिडकी उघडी. एवढ्याने वरणभात निर्धास्त होतो.

उजेडाचा विषय इकडे कुणी काढत नाही. डिसेंबरच्या अखेरीस लंडन आणि बर्लिनमध्ये दुपारी चारच्या सुमारासच सूर्य मावळतो. त्या दिवसांत वाटणारी उदासी सगळीच घराच्या आठवणीची नसते. हिवाळ्यात अपुऱ्या उजेडामुळे काही लोकांना नैराश्य येते, हे नॉर्मन रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये सविस्तर मांडले. सकाळी उजेड असेल तेव्हा अर्धा तास बाहेर चालणे हा पहिला उपाय. तेवढ्याने भागले नाही तर डॉक्टरांना विचारून उजेडाचा विशेष दिवा वापरता येतो.

आपल्या माणसांचा गोतावळा हा सर्वांत जुना उपाय, आणि तो कसा उभा करायचा हे उल्हासनगरइतके कुणाला ठाऊक असेल? सिंधमधून रिकाम्या हाताने आलेल्या लोकांनी इथे दरबार, शाळा, कॉलेजे उभी केली. कॅम्प ५ मधल्या चालिया मंदिरातली ज्योत सिंधच्या पीरगोठहून आणलेली, असे भाविक सांगतात. दर वर्षी चाळीस दिवसांचे व्रत तिथे पाळले जाते. पण हीच माणसे दुसऱ्या दिवशी बाजारात दुकान उघडून मराठीतून गिऱ्हाइकाशी बोलू लागली. जुने जपणे आणि नव्यात मिसळणे, दोन्ही कामे त्यांनी एकदमच केली. परदेशात १९३२ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळापासून उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळापर्यंत अनेक ठिकाणी मराठी माणसे गणपती, दिवाळी, नाटक यांसाठी जमतात. विद्यार्थ्याने तिथे जरूर जावे, मोदक वळायला बसावे. मात्र फक्त तिथेच जाऊ नये. मराठी मंडळी महिन्यातून एकदा भेटतील. वर्ग, प्रयोगशाळा आणि स्वयंपाकघर रोजचे आहे, आणि तिथे मैत्री झाली तरच रोजचा दिवस सुसह्य होतो.

ओढ आणि नैराश्य यांतला फरकही घरच्यांना आणि मुलांना माहीत असला पाहिजे. घराची ओढ येते आणि जाते. मित्र भेटला, सामना जिंकला, की हसू येते. दोन आठवडे सलग झोप, भूक, अभ्यास सगळेच कोलमडले, अंघोळ करायलाही उठवेना, कशातच रस उरला नाही किंवा जगू नये असे विचार आले, तर ती ओढ राहिली नाही. ते नैराश्य, त्याला उपचार लागतात. परदेशातल्या बहुतेक विद्यापीठांत समुपदेशन केंद्र असते, त्याचा खर्च सहसा फीमध्येच धरलेला असतो आणि जिवाला धोका नसेल तर तिथले बोलणे प्राध्यापकांपर्यंत किंवा घरी पोचत नाही. निकालावर, व्हिसावर परिणाम होईल या भीतीने आपली मुले तिकडे फिरकत नाहीत, ती भीती मनातून काढून टाकावी.

निघण्याच्या आदल्या रात्री बॅगेचे वजन करताना मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचे हे नंबर मुलाच्या मोबाइलमध्ये घालून द्या. अमेरिका आणि कॅनडात ९८८, ब्रिटनमध्ये ११६ १२३, जर्मनीत ०८०० १११ ० १११, ऑस्ट्रेलियात १३ ११ १४. आणि मुलगा गेल्यावर घरात ज्यांना करमणार नाही, त्या आईबाबांसाठी भारत सरकारची टेलिमानस सेवा आहे, तिचा नंबर १४४१६. तिथे मराठीतून बोलता येते.